गाडी सुखरूप आहे, फक्त थोडी उंच झाली आहे

होल्ट,
रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

ती. उल्फारदादास,

धाकट्या ओड्नीचा साष्टांग नमस्कार (पालथा नव्हे, उताणा, गेले तीन महिने मी बहुतेक वेळ उताणीच आहे, त्याचं कारण पुढे येईल). तुझं पोस्टकार्ड पोचलं. बेर्गनला पाऊस पडतो आहे हे वाचून नवल वाटलं नाही. गुडघा खरंच बरा आहे, की मला काळजी नको म्हणून बरा आहे? गोदीतल्या त्या खाणावळीत अजून रोज उकडलेला मासाच देतात का? सोबत वाळवलेल्या माशाची एक पुडी पाठवत आहे, लोणी तिकडचं घे. इकडे सगळे खुशाल. टोर्फीची पाठ पूर्वीसारखीच, म्हणजे जड काम निघालं की दुखते आणि पोहायच्या तलावावर जायचं असलं की थांबते. डावी भुवई सोडली तर तुझ्या या मेहुण्यांची तब्येत उत्तम आहे.

तर पोस्टकार्डावर तू तीनच गोष्टी लिहिल्या आहेस. पाऊस, गुडघा, आणि शेवटी "गाडी ठीक आहे ना?" सहा वर्षं झाली, दर पोस्टकार्डावर हा प्रश्न असतो आणि दर वेळी मी "ठीक आहे" असं कळवते. या वेळीही तेच कळवते आहे. गाडी ठीक आहे. सुरू होते, चालते, थांबते. फक्त ती आता थोडी उंच झाली आहे, आणि थोडी रुंद, आणि मागची चाकं होती त्यापेक्षा दहा सेंटीमीटर मागे गेली आहेत. हे वाचून उभा राहिला असशील तर गुडघ्याचा विचार कर आणि खाली बस. स्वावावहिनी गेली, तू नॉर्वेला निघालास, त्या दिवशी किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतास, "अधूनमधून चालू करत जा, बाकी हात लावू नकोस." मी ते विसरलेले नाही. पण दादा, चालू करण्यासाठी कोठारात जावं लागतं, आणि कोठारात गेलं की माणसाला इतर गोष्टीही दिसतात.

मला दिसले ते टायर. झालं असं की खाडीतल्या बचाव पथकाने आपल्या मोठ्या गाडीला त्याहून मोठे टायर घातले आणि जुने अडतीस इंची चार टायर पथकाच्या चिटणिसाकडे, म्हणजे टोर्फीकडे, आले. टोर्फीच्या मते त्यांत बटाटे चांगले आले असते. ऑगस्टमधल्या एका सोमवारी मी तुझी गाडी चालू करायला गेले आणि इंजिन तापेपर्यंत काही काम नव्हतं म्हणून एक टायर घरंगळवत नेऊन तुझ्या मागच्या चाकाशेजारी उभा केला. तो माझ्या कमरेच्या वर येत होता. तुझं चाक त्याच्यापुढे आजोबांशेजारी नातवंड उभं करावं तसं दिसायला लागलं. मी टोर्फीला हाक मारून विचारलं, "हे टायर या गाडीला बसतील का रे?" तो म्हणाला, "नाही." मी विचारलं, "का?" तो म्हणाला, "बसत नाहीत." मी पुन्हा विचारलं, "पण का बसत नाहीत?" त्यावर तो म्हणाला, "ओड्नी, बसत नाहीत म्हणजे बसत नाहीत, आता कॉफी ठेव." तू मला ओळखतोस. तेहतीस वर्षं शाळेत मुलांना शिवण शिकवलं. समोर एक अंग आहे आणि एक कापड आहे आणि ते बसत नाही, एवढं सांगून कुणी मला कॉफी ठेवायला पाठवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हा प्रश्न तलावाशेजारच्या गरम कुंडात मांडला. तिथे नेहमीची पुरुषमंडळी मानेपर्यंत पाण्यात बसलेली असतात. मानेपर्यंत गरम पाण्यात बसलेल्या पुरुषाला सगळं माहीत असतं. एक म्हणाला, गाडी उचलायची, बस. दुसरा म्हणाला, उचलून काही होत नाही, पत्रा कापायचा. तिसरा म्हणाला, मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सलच मागे न्यावा लागतो. "का?" असं मी तिघांनाही विचारलं. पहिला म्हणाला सगळे तसंच करतात, दुसरा म्हणाला त्याच्या मेहुण्याने तसंच केलं, आणि तिसरा पाण्याखाली गेला. (बराच वेळ वर आला नाही.) मी घरी येऊन ठरवलं की आपणच बघावं. नुसतं बघावं, दादा. तेव्हा कापायचं वगैरे काही मनात नव्हतं.

सगळ्यात सोपं वाटलं ते उचलणं. धक्क्यामागच्या भंगारात एका थोराड जीपच्या मागच्या स्प्रिंगा मिळाल्या, तुझ्या गाडीच्या स्प्रिंगांपेक्षा लांब. मी गाडीदुरुस्तीचं पुस्तक समोर ठेवून, गाडी टेकूंवर घेऊन, चार दिवसांत तुझ्या काढल्या आणि त्या घातल्या. (तुझ्या स्प्रिंगा तेल लावून, जुन्या पडद्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत.) गाडी मागून दहा सेंटीमीटर वर आली आणि नाक जमिनीला लावून वास घेणाऱ्या कुत्र्यासारखी दिसायला लागली. पुढच्या चाकांचं काम त्यामानाने सोपं होतं, त्यावर शाई घालवत नाही. मागे टायर लावला. वर भरपूर जागा. पण पुढच्या बाजूला, मागच्या दाराच्या कोपऱ्याशी, तो जवळजवळ टेकत होता. मला वाटलं, ठीक आहे, मोठा आहे तेव्हा टेकणारच. पण मी काम सुरू करण्याआधीच सवयीप्रमाणे सगळी मापं घेऊन ठेवली होती (पत्र्याच्या कमानीवरून दोऱ्याला बटण बांधून खाली सोडायचं आणि चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावायची). आता पुन्हा मोजलं तर चाकाचा मध्य सव्वा सेंटीमीटर पुढे आलेला. मी गाडी वर उचलली होती. पुढे ढकलली नव्हती. मग चाक पुढे आलं कसं?

दोन रात्री मला याशिवाय काही सुचलं नाही. सूपात मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी मी गाडीखाली उताणी पडून नुसती बघत राहिले आणि एकदम उलगडलं. एक्सल काही हवेत लोंबत नाही. त्याला पुढून चार दांडे धरून असतात, त्यांची पुढची टोकं गाडीच्या सांगाड्याला बिजागरीने जोडलेली. मी तशीच घरात धावले, टोर्फीला भिंतीशी उभं केलं, हात खांद्यापासून सरळ पुढे केला आणि बोटांची टोकं त्याच्या नाकाला लावली. म्हटलं, "हलू नकोस. माझा खांदा म्हणजे बिजागरी, बोटं म्हणजे चाक. आता गाडी उचलली म्हणजे काय झालं? चाक खाली गेलं." आणि हात खाली नेला. बोटं नाकापासून दूर आली. "बघ! खाली गेलं की माझ्याकडे येतं! म्हणजे गाडी जितकी उंच कराल तितकं चाक पुढे!" टोर्फी म्हणाला, "तुझ्या हाताला ग्रीस आहे." होतं. पण माझा आनंद त्याच्या नाकावरच्या ग्रीसने कमी झाला नाही. दादा, कुंडातला तो तिसरा माणूस बरोबर होता, फक्त बिचाऱ्याला कारण माहीत नव्हतं. एक्सल मागे न्यायचा असेल तर ते दांडे लांब हवेत. बाही आखूड पडली तर काय करतो? लांब करतो.

इथे ब्रिन्या आली. ब्रिन्या आठवते ना, धक्क्यावर जाळ्यांचं आणि बोटींचं वेल्डिंग करणारी? आता वडिलांच्या मागे त्यांचं वर्कशॉप आणि त्यांच्या मेंढ्या दोन्ही ती एकटीच बघते. खाडीतल्या कुठल्याही लोखंडाला शिवण घालायची तर तिच्याचकडे जावं लागतं. ती माझीच विद्यार्थिनी, आणि माझ्या तेहतीस वर्षांत शिवणात नापास झालेली एकमेव. (टाके इतके घट्ट घालायची की कापड फाटायचं, टाका नाही.) मी तिच्यापुढे माझे पुठ्ठ्याचे नमुने ठेवले, प्रत्येक दांड्याचा वेगळा, मापासकट. तिने ते उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "बाई, हे कुणाच्या गाडीचं?" मी म्हटलं, "दादाच्या." ती म्हणाली, "त्याला माहीत आहे?" मी म्हटलं, "कळवणार आहे." त्यावर ती नुसती हसली आणि डोळ्यांवर काच ओढून घेतली. आठवड्याने दांडे तयार झाले. असं वेल्डिंग तू आयुष्यात पाहिलं नसशील. तिला मी नापास केलं याचा मला प्रथमच पश्चात्ताप झाला.

आता पत्र्याकडे यायला हवं. टाळून चालणार नाही. चाक मागे गेलं म्हणजे कमानीची मागची कड आडवी येते, आणि टायर रुंद असल्यामुळे दाराचा खालचा कोपराही. मी कापला. खडूने रेघ मारली, तीनदा मोजली, बाहेर जाऊन एक फेरी मारून आले, पुन्हा मोजली आणि कापला. यंत्राचा पहिला आवाज झाला तेव्हा टोर्फी कोठारातून निघून गेला, जाताना एवढंच म्हणाला की आपण या घरात नव्हतोच असं तो उल्फारला सांगणार आहे. ठिणग्यांनी जळू नये म्हणून मी आधी दाराचं आतलं अस्तर काढलं होतं. आत, दादा, दाराच्या पोकळीत, चॉकलेटमधल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे कागद निघाले. मी मोजले. एकशे चौदा. खिडकीच्या काचेच्या फटीतून एकेक करून आत सरकवलेले. त्या दाराशी कोण बसायचं हे तुला सांगायला नको (पुढच्या सीटवर तुझा कुत्रा बसायचा आणि वहिनी मागे, हे तिने मला किती वेळा ऐकवलं असेल). आपली स्वावावहिनी, जी साऱ्या खाडीतल्या मुलांना रांगेत उभं करून दात घासायला शिकवायची, जिने माझ्या घरातली साखरेची बरणी एकदा उचलून वरच्या फळीवर ठेवली होती! मी हातातलं यंत्र खाली ठेवून इतकी हसले की टोर्फी मी बोट कापून घेतलं असं समजून परत आला. मग थोडी रडलेही, पण ते हसण्याच्या ओघात. कागद एका डब्यात घालून ठेवले आहेत. फेकायचा अधिकार माझा नाही.

सगळं जोडलं आणि गाडी बाहेर काढली. चर्चच्या चढावर गडगड आवाज झाला, गाडी थरथरली, आणि मी मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर एक लांब लोखंडी नळी पडली होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारी ती नळी. एक्सल मागे नेला, तर नळीही लांब करायला हवी, हे माझ्या, ब्रिन्याच्या आणि त्या पुस्तकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. (पुस्तक लिहिणाऱ्याने गाडी आहे तशीच ठेवली असावी.) पुढच्या चाकांच्या ताकदीवर मी घरी परत आले आणि नळी खांद्यावर घेऊन ब्रिन्याकडे गेले. ती दार उघडून म्हणाली, "वाटच बघत होते. चर्चपाशी पडली ना? पाद्र्यांचा फोन आला होता."

नळी लांब झाली. गाडी पुन्हा निघाली. चालायला लागली, पण तिला एक खोड लागली होती. सरळ जायचं तर चाक किंचित वाकडं धरावं लागायचं. टोर्फी म्हणाला रस्ता वाकडा आहे. मी म्हटलं हा रस्ता चाळीस वर्षं सरळ होता. ऑक्टोबरच्या मध्याला पहिलं पातळ बर्फ पडलं, मी गाडी घेऊन कुरणातून फिरवली, उतरले, आणि मागे पाहून जागच्या जागी थांबले. बर्फावर चाकांचे दोन रुंद पट्टे, ते ठीक. पण दोन्ही पट्ट्यांच्या डाव्या कडेला चार बोटं रुंद अशी आणखी एक पट्टी. म्हणजे मागची चाकं पुढच्यांच्या मागून येतच नव्हती. गाडी खेकड्यासारखी तिरपी चालली होती! मी तिथेच बर्फात दोऱ्या लावून मोजलं. एक्सल तिरपा. डावीकडचा खालचा दांडा उजव्यापेक्षा बरोबर दोन सेंटीमीटर लांब.

मी दोन्ही पुठ्ठे घेऊन तरातरा ब्रिन्याकडे गेले. म्हटलं, "ब्रिन्या, तू दोन दांडे दोन मापांचे केलेस!" तिने पुठ्ठे हातात घेतले, एकावर एक ठेवले. डावा दोन सेंटीमीटर मोठा. त्याच्या कडेने माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "शिवणीची माया". तेहतीस वर्षांची सवय, दादा. पहिला नमुना कापताना मी लोखंडालाही माया सोडली होती. दुसरा नमुना दुसऱ्या दिवशी काढला तेव्हा शुद्धीवर होते. मी म्हटलं, "अगं, पण तुला दिसलं असेल ना, एक लांब आहे ते? विचारायचंस तरी." ब्रिन्या म्हणाली, "बाई, सातवीत मी नमुन्याबाहेर एक बोट गेले तर तुम्ही सगळं उसवायला लावलंत. म्हणाला होतात, नमुना विचारायचा नसतो, पाळायचा असतो." तिने तो दांडा त्याच दुपारी दोन सेंटीमीटर आखूड करून दिला. कापताना गुणगुणत होती. मी तिला असं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

आता जे सांगते ते ऐकून तुझा राग निवळेल अशी आशा आहे. सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या तेव्हा ब्रिन्याच्या सात आल्याच नाहीत. त्यांत फ्लेक्का होती. तिच्या वडिलांनी जपलेल्या म्होरक्या मेंढ्यांच्या वंशातली शेवटची मेंढी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, वादळाचा वास आधी येतो आणि कळपाला पुढे होऊन घरी आणते ती. तिच्या पोटचं एकही कोकरू जगलेलं नाही. ब्रिन्या तीनदा वर जाऊन आली, आणि वर्कशॉपमधली भट्टी दोन दिवस थंड होती. मग गेल्या महिन्याच्या अखेरीस मोठं बर्फ पडलं, आणि दोन दिवसांनी रानकोंबड्यांचे शिकारी खाली आले ते सांगत की वरच्या तळ्यापलीकडे, जुन्या दगडी निवाऱ्यापाशी, बर्फात काहीतरी काळं-पांढरं हललं. पथकाची मोठी गाडी दुरुस्तीला पूर्वेकडे गेली होती. वर कमरेएवढा भुसभुशीत बर्फ. टोर्फी म्हणाला, पथक माणसांसाठी असतं, मेंढ्यांसाठी नाही. ब्रिन्या आमच्या स्वयंपाकघरात उभी होती, टोपी हातात. तिने मला नाही विचारलं, दादा. ती फक्त खिडकीतून कोठाराकडे बघत होती.

आम्ही सकाळी उजाडताच निघालो. टोर्फीही आला. बायका एकट्या वर गेल्या असं कुंडात ऐकायला त्याला आवडलं नसतं. रस्ता संपला तिथे त्याने चारी टायरांतली हवा सोडायला लावली. मी म्हटलं, "किती?" तो म्हणाला, "सोडत राहा, मी थांब म्हणेपर्यंत." टायर जेवून सैल बसलेल्या पाहुण्यासारखे पसरले. मला वाटलं आता रुतणार. आणि दादा, आम्ही तरंगलो. खरंच सांगते. मी एका जागी खात्री करायला उतरले तर मांडीपर्यंत आत गेले, आणि माझ्या शेजारी दोन टनांची गाडी बर्फावर वीतभर ठसा उमटवून शांत उभी होती. मी तशीच बर्फात उभी राहून टायरच्या फुगवट्याखाली हात घालून बघत होते, इतक्यात ब्रिन्या आतून ओरडली, "बाई, नंतर!"

तळ्याच्या उतारावर मागचा उजवा टायर लोखंडी कड सोडून निसटला. सगळी हवा गेली. मदतीसाठी माझ्याकडे बघून उपयोग नव्हता, मी आधीच कमानीत डोकं घालून माझ्या दांड्यांचं काही झालं का ते तपासत होते. पण इथे तुझ्या मेहुण्यांचा क्षण आला. टोर्फी उतरला, पाठ दुखते आहे हे विसरला, जॅक लावला, आणि थंडीत इंजिन सुरू करायचा तो फवारा टायरच्या आत मारला. म्हणाला, "मागे व्हा." आणि काडी पेटवून टाकली. असा धडाका झाला की पलीकडच्या डोंगरावरून तो परत आला. टायर उडी मारून आपल्या जागी जाऊन बसला होता, घट्ट, काही झालंच नाही असा. आणि टोर्फी तोंडावर हात धरून, "बसला का? बसला का?" विचारत होता. बसला होता. डावी भुवई गेली होती. (मी विचारलं, हा स्फोट टायर बाहेर कसा ढकलतो, हवा तर जळून जाते? तो म्हणाला, "ओड्नी, आत्ता नको." अजून सांगितलेलं नाही. तुला माहीत असेल तर कळव.)

निवाऱ्याच्या आडोशाला फ्लेक्का उभी होती. तिच्या मागे भिंतीला चिकटून चार. बर्फ तुडवून तुडवून तिने तिथे अंगणासारखी जागा मोकळी ठेवली होती. उरलेल्या दोन आम्ही तासभर काठीने बर्फ टोचत शोधल्या. सापडल्या नाहीत. ब्रिन्या फ्लेक्काजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिच्या तोंडावरचा बर्फ हातमोजा काढून उघड्या हाताने पुसत राहिली. टोर्फी आणि मी उगाच गाडीची दारं पुन्हा पुन्हा उघडबंद करत होतो.

पाचही मेंढ्या मागे चढवल्या (मागची सीट आधीच काढून ठेवली होती, माळ्यावर आहे, स्प्रिंगांशेजारी). टोर्फीला त्यांच्यात बसावं लागलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडीची खरी परीक्षा आत्ताच आहे. रिकाम्या गाडीला काय, सगळं बसतं. पण ओल्या लोकरीच्या पाच मेंढ्या आणि एक टोर्फी, आणि खाली खड्डे. मी ब्रिन्याला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारून खिडकीबाहेर कमरेपर्यंत लोंबकळत मागच्या कमानीकडे बघत निघाले. वारा कानशिलं सोलत होता. टायर प्रत्येक उंचवट्यावर वर यायचा, थोडा मागे सरकायचा, जसा मी टोर्फीच्या नाकावर दाखवला होता अगदी तसा, आणि पत्र्यापाशी येऊन थांबायचा. "किती?" ब्रिन्या ओरडायची. "दोन बोटं!" मी ओरडायचे. "अजून दोन बोटं!" एका ठिकाणी मात्र खर्रर आवाज आला. मी ओरडले, "टेकला! डावीकडे टेकला!" आतून टोर्फीचा आवाज आला, "फ्लेक्का माझ्या मांडीवर आहे!" ब्रिन्या म्हणाली, "मग दोघंही उजवीकडे सरका!" सरकले. नंतर गावात पोचेपर्यंत एकदाही टेकला नाही. दादा, मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी नीट बसल्याचं समाधान मिळालं आहे, शाळेतल्या नाटकाचे चाळीस अंगरखे धरून, पण हे वेगळं होतं. गावात पोचल्यावर ब्रिन्याने इंजिन बंद केलं, दोन्ही हात चाकावर ठेवून थोडी बसून राहिली, आणि म्हणाली, "बाई, मायेचे दोन सेंटीमीटर उगाच कापले." आणि उतरून मेंढ्या उतरवायला गेली.

तर गाडी ठीक आहे. दाराच्या कापलेल्या कडेला मी रबराची गोट शिवून लावली आहे, बघशील तर तुला ती कंपनीने दिली असंच वाटेल. निळा रंग मिळता आणला, पण जरा गडद आला. रागावला असशील तर सविस्तर रागाव, पोस्टकार्डावर नको, चांगलं चार पानी पत्र लिही. गुडघ्याला जप. टोर्फीचा नमस्कार (या सगळ्या काळात तो या घरात नव्हता असं त्याने लिहायला सांगितलं आहे).

तुझी धाकटी,
ओड्नी

ता. क. एक राहिलंच. गाडी अजून तुझ्या नावावर आहे, आणि केलेले बदल तपासून नोंदवल्याशिवाय ती हमरस्त्यावर नेता येत नाही. मी तपासणीच्या कचेरीत फोन केला होता. त्यांचं म्हणणं, मालकाने स्वतः हजर राहायला हवं. तेव्हा ईस्टरच्या आठवड्यात ये. तुझी खोली रंगवून घेतली आहे, हाही निळा जरा गडदच आला आहे.

ता. क. २. तुला वाटेल, मेंढ्यांसाठी केलं म्हणून माफ करावं. खोटं बोलवत नाही. मी पहिली स्प्रिंग काढली तेव्हा सातही मेंढ्या डोंगरावर मजेत चरत होत्या आणि मला फक्त टायर का बसत नाही ते बघायचं होतं. मेंढ्या नंतर उपयोगी पडल्या.

ता. क. ३. टोर्फी हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचतो आहे आणि म्हणतो, सगळं खरं लिहिलंस तर हेही लिही. मालकाने यायची गरज नाही. कचेरीने एक छापील कागद पाठवला आहे, त्यावर तू तिकडेच सही करून डाकेने परत केलास तरी चालतं. तो कागद मी या पाकिटात घालणार होते. घातलेला नाही. इथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आहे, पेनाजवळ.